चंद्रावरचा झटका

साठ किलोचं वजन चंद्रावर जेमतेम दहा किलोचं लागतं. मग ते ओढताना ऊर्वीच्या कमरेत कळ का आली?

बारा वर्षांच्या ऊर्वीला हे कोडं सोडवायला वेळ नव्हता. आज मंगळवार. शुक्रवारी सकाळी पृथ्वीचं यान सुटणार होतं, आणि त्यानंतरचं थेट आठ महिन्यांनी. आई बाळंतपणासाठी पृथ्वीवर गेली होती. महिन्याभराच्या भावाला ऊर्वीने फक्त पडद्यावर पाहिलं होतं. पण चंद्रतळाचा नियम कडक होता. इथे राहून पाठीचे स्नायू ढिले पडतात, म्हणून निघण्याआधी व्यायामशाळेत परीक्षा द्यायची. वाकून उभं राहायचं आणि दांडीला लावलेलं वजन पोटाकडे ओढायचं. बारा वेळा, बिनचूक. नाही जमलं तर यानात जागा नाही.

तिने पुन्हा दांडी धरली.

"थांब गं पोरी!" वस्ताद गरजला. वस्ताद म्हणजे व्यायामशाळेचा यंत्रमानव. त्याला घडवणारे तंत्रज्ञ कोल्हापूरचे. नाव आणि बोली, दोन्ही त्यांनीच भरलेली. "कंबर का धरलीस?"

"कुठे धरली?"

"दोन्ही डोळ्यांत कॅमेरे हायत माझ्या. मला काय येडा समजतीस?"

ऊर्वीचे डोळे भरून आले. "सांगितलं असतं तर तुम्ही नापास केलं असतं. आणि वजन हलकंच आहे की! सगळी मुलं असंच ओढतात."

"म्हणून तर सगळ्यांच्या कंबरा मीच शेकत बसतो."

वस्तादने एक दोरा आणला. "ह्यो पंधरा किलोपर्यंत टिकतो." त्याने दोऱ्याने वजन दांडीला बांधलं आणि हळूहळू ओढलं. साठ किलो अलगद वर आलं. दोरा शाबूत. त्याने वजन खाली ठेवलं आणि आता एक हिसका दिला. टण्! दोरा तुटला. वजन जागच्या जागी.

"दहा किलोला पंधरा किलोचा दोरा तुटलाच कसा?" ऊर्वीने विचारलं.

"वजन म्हणजे चंद्राची ओढ. ती पृथ्वीच्या एक षष्ठांश (सहावा हिस्सा). पण वस्तुमान (वस्तूत किती द्रव्य आहे ते) इथंबी साठ किलोच. वस्तू जागची हलायला कुरकुरते, त्याला जडत्व (आहे त्याच स्थितीत राहण्याचा गुण) म्हणतात. जितका जोरात हिसका, तितका जास्त ताण."

ऊर्वी दोऱ्याच्या तुटक्या टोकाकडे बघत राहिली. "म्हणजे हिसका दिला की दहाचे चाळीससुद्धा होतील. आणि ते माझ्या कमरेवर!"

"त्यात तू पाठीची कमान करतीस. सगळा ताण एकाच जागी."

डॉक्टरांनी तपासलं. स्नायू थोडा दुखावला होता, एवढंच. तरी वस्तादने दोन दिवस वजनाला हात लावू दिला नाही. हातात नुसती काठी. गुडघे किंचित सैल. वाकायचं ते खुब्यातून, पाठ फळीसारखी सरळ. आधी खांद्यांची पाती एकमेकींकडे न्यायची, मग कोपरं मागे. वर नेताना दोन आकडे, खाली आणताना तीन. ऊर्वी दर तासाला विचारायची, "आता घेऊ वजन?" उत्तर ठरलेलं, "काठी."

गुरुवारी संध्याकाळी परीक्षा. ऊर्वी साठच्या तबकड्या लावायला निघाली.

"नियमात साठ कुठं लिहिलंय?" वस्ताद म्हणाला. "ती तुमची पोरांची फुशारकी. परीक्षा पाठीची हाय."

ऊर्वीने नियमांची पाटी पहिल्यांदाच नीट वाचली. खरंच, आकडा नव्हता. तिने तीस किलो लावले.

सात झाले. आठवा वस्तादने मोजला नाही, मान वर गेली होती. तो पुन्हा केला. नऊ. दहा. अकरा. आता एकदाचं संपवून टाकावं म्हणून हात घाई करायला लागले. तिने वजन जमिनीवर टेकवलं, श्वास घेतला, पाठ सरळ केली. वर, एक, दोन.

"बारा. जागा पक्की."

दाराशी पोहोचलेली ऊर्वी वळली. "यानात तर वजनच नसतं. तिथे हिसका दिला तर?"

"तूच सांग."

"वजन शून्य, वस्तुमान तेवढंच. दोरा तिथेही तुटेल. आणि एकदा निघालेली वस्तू थांबवायलाही जोर लागेल!"

"दोन वर्षं झाली मला हितं," वस्ताद म्हणाला, "पर हे थांबवायचं अजून एकाबी पोरानं वळखलं न्हाई..."

पण ऐकायला ऊर्वी होती कुठे? तिचं सामान बांधायचं राहिलं होतं.