पाणी फिरण्याची वेळ

ज्यांना थोतांड म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं. मी शपथा घेत बसणार नाही. हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय आणि शेवटचा भाग मी स्वतः तिथे बसून अनुभवलाय.

साल १९८६. माघातली अमावास्या. रत्नागिरीच्या दक्षिणेची एक खाडी. नाव सांगत नाही, कारण ज्या बाईची ही गोष्ट, त्या हौसाची मुलगी अजून त्या गावात राहते.

हरिहरकाका तेव्हा खाडीच्या पाहणीवर होते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, किती उरल्यात, ते मोजायचं काम. वाळूवर मीटरभराची लोखंडी चौकट टाकायची, आतल्या सगळ्या तिसऱ्या उकरून मोजायच्या, की पुढची चौकट. उकरायला गावातल्या बायका. काका काठावर, हातात भरती-ओहोटीचा छापील तक्ता, गळ्यात शिट्टी.

काकांचा स्वभाव शिस्तीचा. शिस्तीचा कसला, हट्टीच! चौकटी राहिलेल्या असताना शिट्टीआधी जी काठावर येईल तिला दुसऱ्या दिवशी बोलावणं नाही, असा त्यांनी नियमच केला होता.

त्या दिवशी बाकीच्या बायकांचं उरकलं आणि त्या घरी गेल्या. खाडीच्या मधल्या वाळूवर हौसा एकटीच राहिली. पस्तिशीची बाई, सगळा जन्म त्याच खाडीवर गेलेला.

पावणेसहाला तिने हाक मारली.

"सायब, पानी फिरला हां! येव काय?"

काकांनी तक्ता पाहिला. बंदरावर ओहोटी साडेपाचला संपणार. खाडीत आत त्याला पाऊण तास उशीर. म्हणजे सव्वासहा.

"अजून अर्धा तास आहे," ते ओरडले. "दोन चौकटी राहिल्यात, तेवढ्या कर."

आता नीट ऐका. तो पाऊण तासाचा हिशेब जुना होता. गेल्या पावसात खाडीच्या तोंडावरची वाळूची दांडी फुटली होती आणि भरती आता थेट आत घुसत होती. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. काकांच्या कागदांना नव्हतं, आणि गावात विचारायचं काकांना कधी सुचलं नाही.

हौसाने पुन्हा विचारलं.

काकांनी हात वर करून 'थांब' म्हणून खुणावलं.

आणि मग... वाळू आणि काठ यांच्यामधला पाट भरला.

ती तिसऱ्या दिवशी तिवरांच्या झाडीत सापडली.

पंचनाम्यात काकांनी सांगितलं, "मी वेळेवर शिट्टी वाजवली. ती आली नाही."

झालं. गावाने ठरवून टाकलं, बाई हावरट. चार तिसऱ्यांसाठी जिवाला मुकली. तिची तुळसा तेव्हा पंधरा वर्षांची. बायका तिला तोंडावर म्हणायच्या, "आयशीसारखी हाव नको गो करू." हे काकांच्या समोर घडलं. त्यांनी मान खाली घातली आणि एसटी पकडली.

मग बदली मागून घेतली, लांज्याला. तिथे ना खाडी ना समुद्र. घरामागे जांभ्यात खोदलेली विहीर. पाणी असं गोड की शेजारचे मागून न्यायचे.

सात-आठ महिने काही झालं नाही.

मग एका अमावास्येला, संध्याकाळच्या चहाला काका पडवीत बसले होते. चांगला उजेड होता.

खर्र... खर्र...

कोयत्याने वाळू उकरावी तसा आवाज. काकांनी मागे डोकावलं. अंगण रिकामं. विहिरीवर कोणी नाही. आंब्यावरचे कावळेसुद्धा गप्प.

आणि...

"सायब, येव काय?"

काकांनी हौसाचा आवाज ओळखला. उत्तर तरी काय देणार? 'ये' म्हणायचं, तर त्या दिवशी आपणच अडवलं होतं हे कबूल करायचं.

मग हे दर अमावास्येला सुरू झालं. दोन वर्षं! माणूस वाळून कोळ झाला, पण तोंडातून शब्द काढला नाही.

एकदा वासंतीकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "अहो, मागच्या दारी कोणी बाई आलीय. येऊ का विचारतेय. बहिरे झालात की काय?"

काका उठायच्या आत काकूंनी हाक दिली.

"ये गं बाई, ये! विचारतेस काय?"

खरवडणं थांबलं.

कोणी आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला काकूंनी पाण्याचा घोट घेतला आणि थुंकला. खारट! अगदी खाडीचं पाणी.

काका पडले पाहणीवाले. त्यांनी विहिरीत खुणा केलेली काठी सोडली. पाणी दिवसातून दोनदा चढत होतं, दोनदा उतरत होतं. लांज्यात! त्यांनी तक्ता काढून वेळा ताडून पाहिल्या. पाऊण तास मिळवावाच लागत नव्हता. हौसा म्हणाली होती तेच बरोबर होतं.

काकांनी रडत रडत काकूंना सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्यांना धरून त्या गावात नेलं.

तुळसाच्या अंगणात, चार माणसांसमोर काका बोलले. "मी शिट्टी वाजवली नाही. तुझी आई येऊ का विचारत होती, मीच तिला थांबवलं. ती हावरट नव्हती."

तुळसाने एवढंच विचारलं, "माज्या आयशीनं किती येला इचारलान?"

"दोनदा," काका म्हणाले.

ती आत निघून गेली.

घरी आले तर विहिरीचं पाणी गोड. काकूंनी देवापुढे नारळ फोडला.

पुढच्या अमावास्येला... पुन्हा खारट.

हे सगळं काकांनी मला १९८९च्या लक्ष्मीपूजनाला सांगितलं, त्याच पडवीत. मला कळेना. "तुम्ही तर खरं सांगून आलात. मग आता काय राहिलं?"

काका खालच्या आवाजात म्हणाले,

"तीनदा विचारलं होतं रे तिने. तिसऱ्यांदा पाणी तिच्या छातीला लागलं होतं. 'सायब, आता तरी येव?' म्हणाली. तक्ता चुकलाय हे तेव्हा मला कळलं होतं. शेजारी होडी बांधलेली होती. मला वल्हवता येत होतं. आणि मी... मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो."

मला त्यांची शिसारी आली. काका असले म्हणून काय झालं! "मग जा की परत. सांगा तुळसाला!"

"जातो. उद्या जातो."

"ह्यांचा रोज उद्याच असतो," आतून काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या दारी...

खर्र...

"सायब, आता तरी येव?"

काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. "ऐकलंस? ऐकलंस ना तू?"

मी हो म्हटलं असतं तर ते नक्की गेले असते. एकटे गेले नसते, मला सोबत जावं लागलं असतं. त्या अंगणात, त्या मुलीसमोर उभं राहावं लागलं असतं.

"नाही काका," मी म्हटलं. "मला काही ऐकू आलं नाही."

काका पुन्हा त्या गावी गेले नाहीत. पुढच्या वर्षी वारले. तुळसाला अजून दोनदाच माहीत आहे, आणि मीही तिला सांगायला गेलेलो नाही.