दगड मारणारं गाव

पेटीतला बर्फ वितळायच्या आत नदीपलीकडच्या गावात लस पोचवायची होती. साथीने तिथली दोन मुलं नेली होती. उरलेल्यांना आजच सुया टोचायला हव्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पेटी पाठीला बांधली, कंपाउंडर आणि वाटाड्याला सोबत घेतलं आणि डोंगर चढायला लागल्या.

गावं तितक्या तऱ्हा! पहिल्या गावाने पाणी दिलं, घोंगडी अंथरली आणि नाव विचारायच्या आधी 'जाणार कधी?' असं विचारलं. दुसऱ्याने अंगावर कुत्री सोडली, मग कंपाउंडरची फाटलेली पॅन्ट पाहून सुईदोरा आणून दिला.

नदीवर मात्र कहर झाला. पूल वाहून गेला होता. पलीकडच्या काठावर माणसं उभी होती, आणि बाईंनी पाण्यात पाय घालताच समोरून दगड आला. धप्प! पाठोपाठ दुसरा!

वाटाड्याच्या तोंडचं पाणी पळालं. साथीमुळे परक्याला गावात घेत नसतील, परत फिरू, असं तो विनवू लागला. बाईंचं डोकं सणकलं.

"मारू देत. दगडांना भिऊन मी लस परत नेणार नाही."

त्या निघाल्याच. पाण्याचा आवाज एवढा, की पलीकडची हाकही ऐकू येईना. पुढचा दगड डाव्या बाजूला पडला. तो चुकवायला कंपाउंडर उजवीकडे सरकला आणि गळ्यापर्यंत बुडाला! पाय सुटले. बाईंनी कॉलर धरली. वाटाड्याने काठी पुढे केली. तिघेही हेलपाटले. ओढून काढलेला कंपाउंडर धडपडत, दगड पडला होता नेमका तिथेच उभा राहिला. पाणी गुडघ्याएवढंच!

बाई थबकल्या. आतापर्यंत एकही दगड अंगावर आला नव्हता. प्रत्येक दगड पुढच्या पावलाच्या जागी पडत होता.

"दगड पडेल तिथेच पाय टाका," त्यांनी दोघांना बजावलं.

तिघेही पलीकडे पोचले, तर काठावर एक म्हातारबुवा मांडीशी दगडांचा ढीग घेऊन बसले होते. नेम चुकून आमचं डोकं फुटलं असतं म्हणजे, असं बाईंनी फणकाऱ्याने विचारलं.

"पूल गेल्यापासून पाहुण्यांना असंच आणतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला दगडाला शिवूसुद्धा देत नाही."

बाईंनी पेटी उघडली. बर्फाचे दोन खडे शिल्लक होते.

"नेम माझाही चुकत नाही. मुलांना बोलवा, आणि आधी तुमचा दंड पुढे करा. तुम्हाला पाहून ती रडणार नाहीत."

म्हातारबुवांनी दंड पुढे केला आणि डोळे गच्च मिटून घेतले.