मागची खुर्ची

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. माझ्यावर गुदरलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

साल १९८४, डिसेंबर महिना. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं एक लहान गाव. माझा मुलगा अतुल तिथल्या सरकारी विद्यापीठात केमिस्ट्री शिकवायचा. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. तिथे अजून मुलं शिकतात.

मी सिन्नरची. उभा जन्म विड्या वळण्यात गेला. त्या पैशांवर अतुल शिकला, पण मला अक्षर येत नव्हतं. त्याचे वडील गेले आणि त्याने मला इकडे आणलं.

अतुल आणि सून मालिनी, दोघंही सकाळीच कामाला जायचे. एकदा मी कचरा टाकायला बाहेर गेले आणि दार मागे आपोआप लॉक झालं. बर्फात चपला घालून उभी राहिले. शेजारणीने पाहिलं म्हणून वाचले. तेव्हापासून अतुल मला रोज आपल्या ऑफिसात नेऊ लागला.

"आई, तू इथे हीटरपाशी बस. कुठे जाऊ नकोस हं."

कुठे जाणार? मला 'थँक्यू' सोडून काही येत नव्हतं.

त्याचं ऑफिस कॅम्पसवरच्या सगळ्यात जुन्या इमारतीत होतं. अतुल सांगायचा, हे आधी विद्यापीठ नव्हतंच. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी इथे शाळामास्तर तयार करायचे. गावातली पोरं बोलावून आणायचे आणि त्यांच्यावर शिकवण्याचा सराव करायचे. पुढे त्याचं कॉलेज झालं, मग विद्यापीठ. नव्या इमारती उठल्या. जुनी ही एकच उरली. येत्या उन्हाळ्यात तीही पाडणार होते.

नाताळची सुट्टी लागली. मुलं घरी गेली. अतुल पलीकडच्या इमारतीत, लॅबमध्ये. मी एकटी. खिडकीबाहेर नुसता बर्फ.

दिवस दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

आणि त्या दुपारी... वरच्या मजल्यावर खडूचा आवाज आला.

फळ्यावर खडू ओढल्याचा. कर्र... कर्र...

मग, टक्.

लाकडावर लाकूड आपटल्यासारखं.

मग फळा पुसल्याचा आवाज. आणि पुन्हा खडू.

खरं सांगते, भीती नाही वाटली. उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणी माणूस आहे तर!

मी जिना चढून गेले.

एक दार उघडं होतं. आत एकच बाक. मागच्या भिंतीशी एक लाकडी खुर्ची, रिकामी. आणि फळ्यापाशी एक मुलगी, विशीतली. पायघोळ काळा झगा, गळ्यापर्यंत बटणं.

मला पाहून तिचे डोळे भरून आले. जणू कधीपासून कोणी यावं म्हणून थांबली होती.

तिने बाकाकडे हात केला. मी बसले. जन्मात पहिल्यांदा शाळेच्या बाकावर!

तिने फळ्यावर कोंबडी काढली. खाली तीन अक्षरं लिहिली. छडी कोंबडीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी खूश. एवढं तर मला येत होतं.

"कोंबडी!"

टक्.

आवाज माझ्या पाठीमागून आला.

मुलीचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्या डोक्यावरून मागे बघत होती. त्या खुर्चीकडे...

तिने फळा पुसला. पुन्हा कोंबडी काढली. "हेन," हळूच म्हणाली.

माझी जीभ वळेना. "क... कोंबडी."

टक्.

आणि खुर्ची करकरली. कोणीतरी बसल्या जागी पुढे वाकल्यासारखी. मी वळणार, तोच त्या मुलीने भरभर मान हलवली.

नको...

मी उठले ती मान खाली घालून पळाले.

संध्याकाळी मालिनीला सांगितलं. ती नाशिकची बीएड. आधी हसली.

"अतुल, तू आईंना केमिकलच्या बाटल्यांशेजारी बसवतोस ना, म्हणून त्यांना कोंबड्या दिसायला लागल्या!"

मग जरा थांबली. "पण आई, हा तर सराव पाठ झाला. आमचा अस्साच असायचा. आपण शिकवायचं आणि परीक्षक मागच्या खुर्चीवर बसणार. माझे हात असे थरथरायचे! मुलांनी बरोबर उत्तर दिलं नाही, की पाठ गेला."

"मग?"

"मग काय, परत पाठ. पहिल्यापासून."

"आणि मुलंच नसली तर?"

"मुलंच नसली तर पाठ पूर्ण कसा होणार, आई?"

अतुल वैतागला. "कसला पाठ? वरचा मजला कित्येक वर्षं बंद आहे. छप्पर गळतं."

दुसऱ्या दिवशी त्याने मला वर नेऊन दाखवलं. त्याच दाराला गंजलेलं कुलूप. काचेतून पाहिलं, तर मोडक्या बाकांचा छतापर्यंत ढीग.

"पटलं?"

मी हो म्हटलं.

तो गेला. आणि वर पुन्हा... खडू. टक्. पुसणं. खडू. टक्. पुसणं.

हीटरपाशी बसून मी ऐकत राहिले. बिचारी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. तिची सुटका माझ्यासारख्या कोणाच्या तरी तोंडात अडकली होती. आणि उन्हाळ्यात तर इमारतच जाणार होती.

मग ती कुठे उभी राहणार?

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या वाफाळलेल्या काचेवर मालिनीने मला बोटाने ती तीन अक्षरं काढून दिली. मी गिरवली. पुसली. पुन्हा गिरवली. चपात्या लाटताना मनात एकच. हेन. हेन. हेन.

सुट्टी संपत आली, तेव्हा एका दुपारी मी वर गेले.

कुलूप नव्हतं. दार उघडं होतं.

मी बाकावर बसले. मुलीने कोंबडी काढली, अक्षरं लिहिली. आणि मग... चित्र पुसून टाकलं.

फळ्यावर नुसती अक्षरं उरली.

तिची छडी थरथरत होती. मी एकेका अक्षरावर डोळा ठेवला.

"हेन."



मी त्या आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही.

मागे खुर्ची सरकली... पावलं जवळ आली. ओल्या लोकरी कोटाचा वास आला. डावा खांदा गारठला. मी फक्त मुलीकडे बघत राहिले.

ती हसली. पहिल्यांदाच तिने माझ्या डोक्यावरून नाही, माझ्याकडे पाहिलं. जवळ आली. माझी मूठ उघडून त्यात खडू ठेवला. आणि धावत बाहेर गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकू आली, सुट्टी झालेल्या पोरीसारखी.

पण ती दुसरी पावलं...

ती बाहेर गेली नाहीत. मागे वळली. खुर्ची पुन्हा करकरली.

मी खाली कशी आले, ते आठवत नाही. खडू मुठीतच होता.

उन्हाळ्यात इमारत पाडली. मालिनीकडून मी पुढे मराठी अक्षरं शिकले. वाचू लागले, लिहू लागले. आता आम्ही न्यू जर्सीत, आयसेलिनजवळ राहतो. इथल्या मराठी मुलांना दर रविवारी मी मुळाक्षरं शिकवते. मराठी मंडळाच्या बेसमेंटमध्ये. मुलं गोड आहेत. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देतात.

गेल्या महिन्यात 'क' शिकवत होते. फळ्यावर कोंबडी काढली. विचारलं, "हे काय आहे?"

सगळी एका सुरात ओरडली, "हेन!"

टक्.

मागच्या भिंतीशी एक घडीची खुर्ची होती. ती मी मांडली नव्हती.

"आजी, हू आर यू लुकिंग ॲट?" पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळू लागली.

मी भरभर मान हलवली. नको...

मग मी फळा पुसला. आणि पुन्हा कोंबडी काढायला घेतली.