गो बाय आणि गोवा

हॉलमध्ये चालू प्लग एकच होता, आणि लॅपटॉप दोन.

"माझा कधीही बंद पडेल," तेजस्वी म्हणाली.

"माझाही." शेजारचा तरुण हसला. "पण तुम्ही लावा. माझ्या लॅपटॉपमधली माणसं मरून दोनशे वर्षं झालीत. ती थांबतील."

तिला हसू आवरेना. मालवणच्या कॉलेजात त्या दिवशी कार्यशाळा होती. भाषा, इतिहास, लोकसाहित्य असल्या विषयांत काम करणारे संशोधक जमले होते, आणि कोणतं सॉफ्टवेअर कशासाठी बरं याचे सल्ले एकमेकांना देत होते. तेजस्वी घाडी देवगडजवळच्या जामसंड्याची. भातलावणीच्या गाण्यांवर पीएचडी करत होती. गावोगाव फिरून तिनं बायकांचे आवाज रेकॉर्ड केले होते, आणि आता ते ऐकून ऐकून टाइप करताना तिची मान मोडायला आली होती. शेजारचा क्लाइव्ह लोबो मालवणचाच, कॉलेजात इतिहास शिकवायचा. चर्चमधल्या जुन्या हस्तलिखित नोंदी तो संगणकाला वाचायला शिकवत होता.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं तिला आवाजावरून मजकूर लिहिणारं एक सॉफ्टवेअर उघडून दिलं. तिनं पोईप गावच्या शेवंतीकाकींचं तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावतानाचं गाणं लावलं.

"तरवो लाव गो बाय, तरवो लाव..."

स्क्रीनवर अक्षरं उमटली – 'तर हो, लाव गोवा. तर हो, लाव.'

"अरे देवा! 'गो बाय' आलं की हा गोवा लिहितोय," तेजस्वी डोळे पुसत म्हणाली. "माझ्या सगळ्या बायका गोव्याला पाठवल्या यानं!"

"तेका मालवणी येना नाय." बोलता बोलता तो मालवणीवर घसरला. "शिकवचा लागतला."

"कोण शिकवणार?"

"आपण..." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... तुम्ही. मी मदत करीन."

मग दर शनिवारी ती देवगडहून एसटीनं येऊ लागली. धुरीवाड्यात त्याच्या घराच्या पडवीत दोघं बसायची. बाहेर श्रावणातली सर यायची, जायची, पुन्हा यायची. मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही, त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, गाण्याचे छोटे तुकडे करायचे, चुकलेला शब्द हातानं सुधारायचा. यंत्र त्या सुधारणांवरूनच शिकतं. तो सांगायचा, ती करायची. तिनंही त्याला सल्ला दिला – जुन्या नोंदीतलं नाव लागत नसेल, तर वाड्यातल्या म्हाताऱ्यांना जेवढं लागतं तेवढं मोठ्यानं वाचून दाखव, पुढचं ते सांगतील. आणि खरंच, ते सांगायचे!

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. कधीकधी तेजस्वीला एखादी ओळ स्पष्ट ऐकू यायची, तरी ती म्हणायची, "हे नीट लागत नाहीये रे..." मग तो ऐकायला जवळ वाकायचा. त्याची आई, ग्लोरियाआंटी, चहा ठेवून जाताना दोघांकडे एकदा बघून घ्यायची.

तेजस्वीला ही गाणी पुण्याच्या एका परिषदेत मांडायची होती; तारीख जवळ आली तशी तिची झोप उडाली. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी सुचवलं, गाणी सरळ प्रमाण मराठीत करून टाक. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती. एका संध्याकाळी तिनं सगळी गाणी करून टाकली आणि शनिवारी क्लाइव्हपुढे ठेवली.

तो बराच वेळ वाचत राहिला.

"काय झालं? चुकलंय का कुठे?"

"चुकला काय नाय. पण... ह्येच्यातल्यो बायलो खंय गेल्यो?"

ते तिला झोंबलं. "तुझ्या माणसांना घाई नाही, क्लाइव्ह. मला आहे! तुला नोकरी आहे. मला ती अजून मिळवायचीय."

तिनं लॅपटॉप मिटला. छत्री तिथंच विसरून ती भिजत स्टँडवर गेली. आठवडाभर तिनं फोन केला नाही. त्यानंही केला नाही.

पुढच्या शनिवारी ती पोईपला गेली. शेवंतीकाकींच्या पायरीवर बसून तिनं त्यांचं गाणं वाचून दाखवलं, शुद्ध, स्वच्छ मराठीत. काकींनी हात मांडीवर ठेवून मन लावून ऐकलं.

"बरा वाचलंस गो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "पण ह्या गाणा कोणाचा?"

"तुमचंच, काकी."

"माझा?" काकी हसल्या. पोरगी गंमत करतेय असं वाटून त्या कोकम सरबत आणायला आत गेल्या. तेजस्वीनं हातातला कागद दुमडून पिशवीत टाकला.

मालवणच्या एसटीत बसल्याबसल्या तिनं मॅडमना फोन लावला. गाणी थोडी देईन, पण बायकांनी म्हटली तशीच देईन.

"मग खाली अर्थ दे," मॅडम म्हणाल्या. "आणि वेळेत दे."

ती पडवीची पायरी चढली तेव्हा क्लाइव्ह उठून उभा राहिला.

"तुझं बरोबर होतं," ती म्हणाली.

"पण माझं बोलणं बरोबर नव्हतं. घाईत तू होतीस, आणि मी आरामात बसून सल्ला देत होतो." त्यानं तिची विसरलेली छत्री पुढे केली. "रोज फोन हातात घ्यायचो..."

"मग?"

"ठेवून द्यायचो."

दोघं कामाला बसली. यंत्र आता 'गो बाय' बरोबर लिहीत होतं, पण गाण्यात मध्येच नांगर धरणाऱ्या जोतकऱ्याची ओळ आली की अडखळत होतं. पुरुषाचा आवाज त्यानं फारसा ऐकलाच नव्हता.

"तू बोल काहीतरी," तिनं माइक त्याच्याकडे सरकवला. "काहीही. मालवणीत."

त्यानं घसा खाकरला. माडांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"माका... एक चेडू आवडता."

स्क्रीनवर उमटलं – 'मका, एक चेंडू आवडतो.'

तेजस्वीनं ओठ घट्ट मिटले. हसू येत होतं. "चेंडू आवडतो तुला?"

"दुरुस्त कर मगे."

तिनं 'चें'वरचं टिंब काढलं. चेंडूची पुन्हा मुलगी झाली. "कुठलं चेडू?"

"जामसंड्याचा. रागान गेला काय मागे वळान बघना नाय."

तिनं रेकॉर्डिंग बंद केलं.

"घरी जड जाईल, क्लाइव्ह. तुझ्या... आणि माझ्याही."

"जातला. म्हणान तर आधी तुका इचारतंय."

सर थांबली होती. पागोळ्या तेवढ्या ठिबकत होत्या. इतके दिवस त्याच्याशी नेटक्या मराठीत बोलणारी तेजस्वी हळूच म्हणाली,

"माका पण... तू आवडतंस."

आतून ग्लोरियाआंटीची हाक आली, "तेजस्वी, जेवाक रवतंस मगे? बांगड्याचा तिखला केलंय!"

"रवतंय, आंटी!" ती ओरडली, जरा जास्तच मोठ्यानं. क्लाइव्ह हसायला लागला. त्याला गप्प करायला तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि तो मग तिथून काढलाच नाही.