एक टकटक म्हणजे अजून

सिग्नलला गाडी थांबली आणि मागून आवाज आला, 'डबुक्'.

पडदेवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात कोणीतरी त्याच्या काचेवर टिचकी मारली. शेजारी स्कूटरवर हिरव्या रेनकोटातली एक मुलगी होती. पावसाचे थेंब तिच्या पापण्यांवरून घरंगळत होते आणि ती हसू दाबत होती.

"अहो, मागे कोणी आंघोळ करतंय का?"

"काय?"

"तुमच्या डिकीत! की मासे पाळलेत?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. आधीच सकाळपासून त्याला तोंड लपवायला जागा नव्हती. आई आणि तो मिळून पडद्यांचं दुकान चालवायचे, कापडाचे नमुने डिकीतच असायचे. आज एका बाईंच्या दिवाणखान्यात त्याने ऐटीत नमुने उलगडले आणि असा कुबट वास सुटला, की बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

"थोडंसं पाणी शिरतं… म्हणजे… तसं फार नाही."

"फार नाही? ब्रेक मारला की लाट येतेय!" सिग्नल सुटला. "पुढच्या वळणावर काकांचं गॅरेज आहे. काचा आणि रबरं मी बघते. यायचं तर या, नाहीतर होडी घ्या!"

होडी घेणं काही त्याला परवडण्यासारखं नव्हतं. तो गेला.

तिने डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली. खालच्या खड्ड्यात चांगलं बादलीभर पाणी होतं आणि त्यावर पडद्याची एक लाकडी कडी मजेत तरंगत होती. तिने ती अलगद उचलून बोटात घालून पाहिली. कडी ढगळ झाली, म्हणून मग अंगठ्यात.

"पहिल्याच भेटीत अंगठी? घाई झाली नाही का?"

"अहो, ती… ती कडी आहे."

"कळतं हो मला. आता माझी झाली." आणि कडी तिच्या खिशात गेली.

हा माणूस दिवसभर बायकांशी गोड बोलून पडदे विकायचा, पण या मुलीपुढे त्याची जीभच टाळूला चिकटायची. तिने डिकीच्या रबराला पावडर लावली, झाकण बंद करून उघडलं, आणि पावडर जिथे झाकणाला उमटली नाही तिथे बोट ठेवलं. "हे बघा, इथे रबर बसतच नाही. इथूनच येतंय. माझा पहिला अंदाज कधी चुकत नाही."

नवीन रबर बसलं. पुढच्या पावसात डिकी पुन्हा भरली.

"चुकला," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एक शब्द बोलशील तर बघ!"

त्याच्या मनात एकच घुमत होतं… ती 'तू' म्हणाली. सहज, न ठरवता! त्या 'तू'वर त्याने पुढचे कितीतरी दिवस काढले. झाकणाचे कब्जे बघायला एकदा, तळातली बुचं बघायला एकदा, आणि एकदा नुसतंच, 'इकडून चाललो होतो म्हणून'. गॅरेज त्याच्या कुठल्याच रस्त्यात नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

शेवटी ती म्हणाली, "आता एकच उपाय. एकाने डिकीत बसायचं, झाकण लावायचं, दुसऱ्याने वरून पाणी सोडायचं. आत बॅटरी धरून बघायचं, पहिला थेंब कुठून येतो ते. बसतोस?"

त्याचा चेहरा उतरला. "मला… बंद जागेत… लहानपणापासून भीती वाटते."

ती खो-खो हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. "बरं, मग मी बसते," म्हणाली. "आतून एक टकटक म्हणजे अजून पाणी येऊ दे. दोन म्हणजे थांब, सापडलं. लक्षात राहील ना, पडदेवाल्या?"

गॅरेजचा नळ त्या दिवशी कोरडा होता, म्हणून त्यांनी गाडी दुकानाच्या मागच्या अंगणात आणली. ती पाय पोटाशी घेऊन डिकीत शिरली, त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले आणि झाकण लागलं. त्याने पाइप धरला. टक. त्याने पाणी वाढवलं. टक. त्याला हसू येत होतं, उगाचच.

तेवढ्यात मागच्या दारातून आई आली.

"हे काय, गाडीची पूजा मांडलीस का? आणि ती कुठे गेली?"

"कोण ती?"

"आता मलाच विचार! जिच्यासाठी महिनाभर डिकी गळतेय ती." आई गालात हसत होती. "काय रे, मनात आहे का तुझ्या?"

झालं. तो गडबडला. आईसमोर असं काही बोलायची सवय नव्हती, लाज वाटली, आणि ती लाज झाकायला हाताला लागलं ते त्याने पुढे केलं. "काहीतरीच काय गं! कामापुरती ओळख आहे. मी काय गॅरेजात रबरं चिकटवणारी मुलगी करणार आहे का?"

"अस्सं," म्हणून आई आत गेली. तिचं हसू मात्र मावळलं होतं.

पाइपमधून पाणी वाहत होतं. आणि मग डिकीतून आवाज आला. टक. टक.

त्याने पाइप टाकून दिला. झाकण उघडताना किल्ली दोनदा निसटली.

ती बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, हातात बॅटरी. "सापडलं," ती म्हणाली. "मागच्या दिव्याच्या पाठीमागे. तिथलं रबरी गॅस्केट सडलंय, तिथून पाणी ओघळून खाली स्टेपनीच्या खड्ड्यात जातं." ती जरा थांबली. "आणि आवाजही तिथूनच येतो. अगदी स्वच्छ."

"ऐक ना… मी… तसं नव्हतं म्हणायचं…"

"तुमचं काम आजच करून देते."

तुमचं! त्या एका शब्दाने त्याला जे लागलं ते शिव्यांनीही लागलं नसतं. तिने दिवा खोलला, नवीन गॅस्केट बसवलं, कडेने सीलंटची रेघ ओढली. काम नेहमीसारखंच मन लावून केलं, फक्त त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. "परत गळलं तर काकांना सांगा," एवढं बोलून ती गेली.

आणि डिकी गळायचीच थांबली हो! पाऊस धो-धो कोसळत होता आणि आत टिपूस नाही. पडदेवाला रोज सकाळी डिकी उघडायचा, कोरड्या गालिच्यावरून हात फिरवायचा आणि त्याला स्वतःची शरम वाटायची. ज्या मुलीने त्याच्या भीतीला हसण्याऐवजी स्वतः अंधारात बसणं पत्करलं, तिच्याबद्दल तो असं बोलला होता. गिऱ्हाइकाला पडदा दाखवताना मधेच ते वाक्य आठवायचं आणि त्याचे कान तापायचे. मनातल्या मनात त्याने शंभर वेळा माफी मागितली. गॅरेजच्या दारापर्यंत जायचा, आणि तिचा हिरवा रेनकोट दिसला की गाडी वळवायचा.

शेवटी त्याने काय करावं? नळाखाली बादली भरली आणि स्वतःच्या हाताने डिकीत ओतली! मग आईला म्हणाला, "चल, एका ठिकाणी जायचंय." आईने एकदा त्याच्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडीत बसली.

गॅरेजात काकांनी आईला स्टूल दिलं, चहा मागवला. मुलीने डिकी उघडली, पाण्यात बोटं बुडवून बघितली, दिव्यामागची कड चाचपली.

"कड कोरडी आहे," ती म्हणाली. "पाण्यात मातीचा कण नाही. आणि गेले दोन दिवस ऊन पडलंय. हा कुठला पाऊस म्हणायचा?"

काका खोकल्यासारखं करून दुसऱ्या गाडीखाली सरकले. तो मान खाली घालून उभा. धरणी पोटात घेईल तर बरं, अशी अवस्था.

"तपासायचं असेल तर कोणीतरी आत बसायला हवं," ती पाणी उपसत म्हणाली. "मी नाही बसणार."

त्याने एकदा त्या ओल्या, काळ्या पोकळीकडे पाहिलं. "मी बसतो," तो म्हणाला.

आता मात्र तिचा हात थांबला. "राहू द्या. तुम्हाला भीती वाटते."

"वाटते. झाकण लाव."

झाकण लागलं. गुडघे हनुवटीला, विजार ओली, छाती धडधडतेय… आणि गंमत बघा, त्या अंधारात त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं. इथे त्याचा चेहरा कोणाला दिसणार नव्हता.

"आई!" तो ओरडला. "ऐकतेस ना?"

"ऐकतेय बाबा! तू आहेस कुठे?"

"डिकीत! आई, त्या दिवशी मी खोटं बोललो. तू विचारलंस, मनात आहे का… आहे. सिग्नलपासून आहे. मला लाज वाटली म्हणून मी तिच्या कामाला नावं ठेवली. लाज माझीच होती, आणि लावली तिला."

बाहेर सगळं शांत. पाण्याचा आवाजसुद्धा नाही. आता झाकण कधीच उघडणार नाही, असं त्याला वाटून गेलं.

मग डोक्यावर पत्र्यावर आवाज झाला. टक.

एक. फक्त एकच. आणि तो बोटाचा आवाज नव्हता, लाकडाचा होता. कडी! तिने ती ठेवली होती…

एक म्हणजे अजून.

"अजून… अजून काय… हां! मला तुझा राग चालेल, तू कितीही बोल, पण मला 'तुम्ही' म्हणू नकोस गं! तेवढं सोसवत नाही."

टक.

"आणि आजचं पाणी मी नळाचं ओतलं. बादलीने."

बाहेर कोणीतरी फसकन हसलं. पाठोपाठ आईचा आवाज आला, "अगंबाई! अरे गाढवा, मी कधी नको म्हटलं होतं का? हे तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

टक… टक.

किल्ली फिरली, झाकण वर गेलं आणि इतका उजेड आला की त्याचे डोळेच मिटले. उघडले तेव्हा ती वाकून बघत होती. डोळे भरलेले, ओठावर दाबलेलं हसू, आणि अंगठ्यात लाकडी कडी.

"ए पडदेवाल्या," ती म्हणाली, "बाहेर ये. भिजलास तू."