द्वारकेचा पत्र्याचा हवालदार

त्यानं माझ्यासाठी दोनदा द्वारका चौक थांबवला आणि दोन्ही वेळा मी रस्ता ओलांडला नाही. एसटीवाले भोंगे वाजवत होते, रिक्षावाले खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होते, आणि मी आपली दुभाजकाला टेकून... त्याचे हात बघत होते.

"मॅडम, पलीकडं जायचंय का नाय?" शेवटी तो वाहतूक हवालदार माझ्याकडे आलाच.

"नाही. मी तुमचे हात बघतेय."

बोलून गेल्यावर कळलं, काय बोलले ते! त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार. मग मी घाईघाईनं सांगितलं – सातपूरला आमच्या वर्कशॉपमध्ये यांत्रिक वाहतूक पोलीस तयार होतोय, येत्या कुंभमेळ्याला पोलीस कमी पडतील म्हणून. त्याला हात कसे हलवायचे ते मला शिकवायचंय.

"म्हंजे मला घालवायला आल्या व्हय तुम्ही?" तो चक्क हसला. "बघा मग, नीट बघा. गोरक्ष गडाख, सायखेड्याचा. ज्याला घालवायचं त्याचं नाव तरी ठाऊक पाहिजे."

"मी निकिता," एवढंच मला सुचलं.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाचा कॅमेरा मागून आणून मी रोज सकाळी चौकात उभी राहू लागले. दुपारी वर्कशॉपमध्ये टेप थांबवत थांबवत बघायचं – कोपर किती वळला, पंजा किती उघडला – आणि ट्रकच्या वायपरच्या मोटरीला तसंच वळायला लावायचं. एखाद्याचे हात इतके बघितले की काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टेप संपली तरी मी ती मागे नेऊन पुन्हा बघायची. कामासाठीच, अर्थात...

गाड्या थांबवल्या की तो पंजा क्षणभर छातीवर टेकवायचा आणि मान किंचित तिरकी करायचा. प्रत्येक टेपमध्ये होतं ते. असेल बाई काहीतरी नियमात, म्हणून मी तेही बसवून टाकलं.

"कुठवर आला आमचा भाऊबंद?" तो विचारायचा.

"हात हलवतो आता. चहा मागत नाही, सुटी मागत नाही."

"पोरींकडं बघतो का?"

"अजिबात नाही."

"मग कसला हवालदार!"

मी हसायची आणि लगेच गप्प व्हायची. कारण यंत्राची चौकातली चाचणी पास झाली तर वर्कशॉपचे मालक हिरामणशेठ मला कायम करणार होते. आई त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. आणि पास झाली तर गोरक्षची बदली येवल्याला ठरलेली होती. माझं जिंकणं म्हणजे त्याचं जाणं. मला नेमकं काय हवं होतं, विचारू नका. मलाच कळत नव्हतं.

चाचणीच्या सकाळी हिरामणशेठनी आमच्या पत्र्याच्या हवालदाराच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. हात जोडून मी एका श्वासात 'होऊ दे' म्हटलं आणि दुसऱ्या श्वासात 'नको'.

त्यानं पहिलाच ट्रक झकास थांबवला. टाळ्या पडल्या. मग त्यानं पंजा छातीवर टेकवला आणि मान तिरकी केली... ट्रकवाल्याकडे बघून! नंतर टेम्पोकडे बघून, मग दुधाच्या गाडीकडे. एका रिक्षावाल्यानं उलट सलाम ठोकला आणि सगळा चौक खदखदला.

"अगं बया!" कोपऱ्यावरची पेरूवाली साळूबाई ओरडली. "ही पोरगी दिसली की गोरक्ष करतो, तसंच करतंय की हे! एरवी नाय करत तो!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी असायची तेव्हाच कॅमेरा असायचा... मग ते प्रत्येक टेपमध्ये नसेल तर काय!

वाहतुकीचे मोठे साहेब हसू दाबत म्हणाले, "तेवढं छातीचं काढा. बाकी उत्तम. उद्या पुन्हा बघू."

गर्दी पांगली. गोरक्ष त्या पत्र्याच्या हवालदाराच्या आडोशाला उभा होता, टोपी हातात घेऊन.

"नियमात नव्हतं ते?" मी विचारलं.

"कुठल्या नियमात बसतं, मॅडम?"

"मग सांगायचं नाही का?"

"रोज सांगतच व्हतो की. तुम्ही टेप करत बसल्या."

मला हसू यावं की रडू, समजेना. "मी ते काढतच नाही," मी म्हटलं. "होऊ दे नापास. तुम्ही इथंच राहाल."

त्यानं पत्र्याच्या पंजावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "नाय. काढा. चौक घेऊ द्या त्याला. तुमची मेहनत हाय ती. पण हे छातीवरचं तो आल्यागेल्याला वाटत बसला, तर मी तुम्हाला काय देऊ?"

"आणि येवला?"

"येवला लय लांब नाय." त्यानं टोपी उगाच गोल फिरवली. "तुम्ही... याल?"

"भेटायला?"

"राहायला."

"हो," मी म्हटलं.

'हो' म्हणून बसले आणि मग विचार सुरू झाला. कायमची नोकरी सातपूरला, होकार येवल्याला, आणि आईला यातलं काय आधी सांगायचं? डोकं नुसतं भणभणत होतं. पण 'हो' परत घ्यावंसं एकदाही वाटलं नाही.