आतून धरलेला ठोकळा

कंदिलाची वात जरा वाढव, अन् मधात बोलू नको. मधात कोनी बोललं का माह्यं डोकं फिरते.

मी पुंजाजी, पत्र्याचं काम करनारा. घागरी, पेट्या, चाळन्या, जे म्हनसान ते. लढाईच्या दिवसात कामरगावच्या उत्तमरावानं मले बलावनं धाडलं. त्याची मोटार घरच्या गोठ्यात उभी होती, दरवाज्याचा पत्रा पार गंजून गेलता. पंधरा दिवसांनी त्याचं दुसरं लगन, अन् नवरीले त्याच मोटारीतून आनायचं होतं. नवा पत्रा तवा औषधाले मिळे ना, म्हनून त्यानं धान्याची जुनी पत्र्याची कोठी पुढं टाकली. काप म्हने, अन् लाव.

त्याची पयली बायको, विजयमाला, दोन सालाआधी त्याच मोटारीत बुडून मेलती. धनजच्या वाटेवर नाल्याले पूर आला, मोटार पान्यात गेली. उत्तमराव आपल्या बाजूनं निघाला, तिच्या बाजूचा दरवाजा अडकला. असं तो सांगे. लोक मान हालवत अन् घरी जात. दुसरं काय करतीन?

आता हे काम कसं असते ते सांगतो, नाईतर पुढचं तुले समजनार नाई. मोटारीचा पत्रा एकट्यानं बसत नाई. बाहेरून मी हातोडी मारतो, अन् आतून दुसऱ्यानं त्याच जागेवर लोखंडी ठोकळा धरा लागते. ठोकळा असला तर आवाज भरीव येते, ठप्प ठप्प. नसला तर रिकामा डबा वाजते, अन् पत्र्याले खड्डा पडते. माह्या हातोडीची एक कड उडालेली होती. म्हनून माह्या दर ठोक्याखाली नखाएवढी चंद्रकोर उमटे, लोक त्यावरून माह्यं काम वळखत. ठोकळा धराले माह्या घरची, गोजरा. बारा वर्सं तिनंच धरला. तिच्यासारखा हात मले दुसरा भेटला नाई. हे तिले तोंडावर कधी म्हनलं नाई, ते मात्र चुकलंच.

पयल्या दिवशी डाव्या बाजूचा, म्हंजे विजयमालाच्या बाजूचा दरवाजा उकलला. तळात बोटभर रेती, अन् रेतीत हिरव्या बांगडीचे तुकडे. गोजरानं ते गुपचूप पदराले बांधले. मंग मी आतून दरवाजा उघडायच्या कडीच्या जागेवर बोट फिरवलं, तर कडीच नाई. पेचांची चारी छिद्रं मोकळी होती, अन् चारीत नाल्याचा गाळ गच्च भरून वाळलेला. पान्यात जाताना पेच जाग्यावर असते तर गाळ आत शिरला कसा असता? म्हंजे मोटार नाल्यात जायच्या आधीच कोनीतरी कडी काढून ठेवलती. म्या बोट झटकन मागं घेतलं.

मागं उत्तमराव कधी येऊन उभा राह्यला, समजलं नाई.

"आतून कडी लावायची नाई," तो हळूच म्हने. "बाहेरून उघडलं का झालं."

मी मान हालवली. मी भेकड मानूस होतो, आजही हावो. त्याचा शब्द तालुक्यात चाले, अन् माह्याजवळ काय, चार छिद्रं अन् थोडा गाळ.

तिसऱ्या दिवशी नवा पत्रा बसवाले घेतला. दुपारचं ऊन गोठ्याच्या दारापावेतो आलतं. गोजरा आत बसली, मी दरवाजा लावला अन् ठोकाले लागलो. काच धुळीनं आंधळी झालेली, आतलं काही दिसे ना. पन दिसाचं काय काम? आवाज भरीव येऊन राह्यला होता. ठप्प, ठप्प. मी हातोडी सरकवली का ठोकळा सरके, जरा आधीच सरके. मी मनात म्हनलं, आज गोजराचा हात लयच चांगला चालून राह्यला. तेवढ्यात वास आला... ओल्या चिखलाचा, सडल्या पाल्याचा. ऐन वैशाखात.

मी मान वर केली. गोजरा वाड्याच्या फाटकातून येत होती, डोक्यावर पान्याची घागर घेऊन.

माह्या बाजूले येऊन ते उभी राह्यली. घागर खाली ठेवाचं भान नाई. "मी पल्याडच्या दारानं उतरून पान्याले गेलती, सांगून गेलती ना..." ते म्हने. "तुमी कोनासंग ठोकून राह्यले?"

माह्यी हातोडी हवेतच होती. अन् आत, पत्र्याच्या पल्याड, ठोकळा सरकला. खर्र... खर्र... हळूहळू मागं गेला अन् थांबला. कुठं थांबला? कडीच्या जागेवर. मंग आतून एक ठोका आला. जरा वेळानं दुसरा.

दरवाजा गोजरानं उघडला. माह्याच्यानं झालं नसतं. आत कोनी नव्हतं. गादीवर ठोकळा पडला होता, ओला, अन् त्याच्याखाली चिखल.

मले वाटलं, गोजरा आता म्हनन, चला घरी. तिनं पदरानं ठोकळा पुसला अन् म्हने, "कडी लावा."

"उत्तमराव पाहीन."

"तो काय दरवाज्याचं अस्तर उचलून पाहते? अस्तराखाली लावा. नाई तं ते पोरगी मरन."

लावली. एक पेच वाकडा गेला, पन लावली. नवरी मनकर्णा, अठरा वर्साची, धनजची. लगनात गोजरा तिले कुंकू लावाले गेली, अन् गाडीत बसवताना तिचा हात धरून अस्तराखालच्या कडीवर ठेवला. कानात काय बोलली ते मले कधी सांगतलं नाई.

त्यानंतर दुसरा पावसाळा. तोच नाला, तसाच पूर, दिवस मावळायची वेळ. मनकर्णाले घेऊन उत्तमरावानं मोटार पान्यात घातली. पोरगी कडी फिरवून बाहेर पडली, बाभळीले धरून राह्यली अन् जगली. उत्तमराव नाई निघाला. त्याचा दरवाजा उघडलाच नाई.

दुसऱ्या दिवशी पूर वसरला, मोटार वर काढली, अन् मले दरवाजा फोडाले बलावलं. अंगात दोन दिवसाचा ताप, तरी गेलो. उत्तमरावाच्या बाजूच्या दरवाज्याले म्या कधी हात लावला नव्हता. त्याची फट वरून खालपावेतो ठोकून बंद केलेली होती. साफ काम, कुठं खड्डा नाई. असं काम आतून ठोकळा धरल्याबिगर होत नाई. अन् दर ठोक्याखाली, नखाएवढी चंद्रकोर.

माह्यी हातोडी घरीच राह्यलती, म्हनून तिथलाच घन घेऊन छिन्नीनं कापून दरवाजा काढला अन् घरी आलो. हातोडी खुंटीवरच होती, जिथं म्या दोन दिवसाआधी टांगलती. दांडा ओला होता. उडालेल्या कडेले थोडा चिखल.

गोजरा चुलीजवळ बसली होती. तिनं माह्याकडं पायलं नाई.

"काल सांजच्याले मी विहिरीवर होती," ते म्हने. "घरातून तुमच्या ठोक्याचा आवाज येऊन राह्यला होता. भरीव. तुमी तं तापानं पडले होते ना... मंग तुमाले ठोकळा कोन धरून देऊन राह्यलं होतं?"